पगारी डिझायनरची प्रेरणा नेमकी कुठे अडते?

जिल्हा सहकारी बँक, ट्रस्टचं रुग्णालय, शिक्षणसंस्था, साखर कारखाना, महापालिका. यांपैकी कुठेही नोकरीला असलेल्या डिझायनरचं वर्षभराचं बरंचसं काम जानेवारीतच सांगता येतं. संक्रांत, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, महिला दिन, गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, आषाढी, स्वातंत्र्य दिन, गणपती, दसरा, दिवाळी. मधल्या काळात वार्षिक अहवाल, सर्वसाधारण सभेची नोटीस, नव्या व्याजदरांचं पत्रक, चेअरमनसाहेबांचा वाढदिवस आणि कॅलेंडर. कामं तीच आणि त्यावरचा शेराही दरवर्षी तोच: ‘या वेळी जरा हटके काहीतरी करा.’ मॅटर व्हॉट्सॲपवर येतं, तेही दिवेलागणीला, आणि फाइल सकाळी हवी असते. मग डिझायनर पिंटरेस्ट उघडतो.

याला आपण डिझायनरची वैयक्तिक अडचण समजतो. सुचत नाही ना, मग प्रदर्शनं बघा, फिरून या, एखादी कार्यशाळा करा. पण सर्वसामान्य माणसाच्या हातात पडणारं छापील मराठी बघा: खातं उघडण्याचा फॉर्म, पाणीपट्टीचं बिल, रुग्णालयातल्या पाट्या, फीची पावती, पीककर्जाचं पत्रक. यातलं फार थोडं जाहिरात संस्थांकडून येतं. बाकी सगळं कुठल्या तरी संस्थेतला पगारी डिझायनर नाहीतर डीटीपी ऑपरेटर करतो. त्याचं सुचणं आटलं तर त्याचा भुर्दंड रांगेतली माणसं भरतात, म्हणून हा सार्वजनिक प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की प्रेरणेचा तुटवडा म्हणून जे सांगितलं जातं तो बहुतेक वेळा माहितीचा तुटवडा असतो. डिझायनरला त्याच्याच संस्थेच्या कामकाजापासून तोडून वरच्या मजल्यावर एका संगणकासमोर बसवलेलं असतं. आपण केलेला कागद कोण हातात घेतो, कुठे अडतो, छापून कसा येतो आणि नंतर त्याचं काय होतं, यातलं काहीच त्याला दिसत नाही.

पिंटरेस्ट, बिहान्स, फ्रीपिक या तयार नमुन्यांच्या संकेतस्थळांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. रंगांची सांगड, पानाची मांडणी, एखादी नवी घडी बघायला ती चांगलीच आहेत. अडचण अशी की ‘गुढीपाडवा पोस्ट’ असं लिहून शोधणाऱ्या प्रत्येकाला साधारण तीच चित्रं मिळतात, आणि ती अनेकदा चुकीची असतात. गुढीवरचा तांब्या उपडा असतो. फुकटच्या वेक्टरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तयार रेखाचित्रात, मात्र तो सरळ उभा, वर आंब्याची पानं आणि नारळ, म्हणजे पूजेचा कलश उचलून काठीवर ठेवलेला. साखरेची गाठी गायब, कडुनिंबाच्या जागी कसलीतरी हिरवी पानं. चित्र काढणाऱ्याने गुढी पाहिलेली नाही आणि वापरणाऱ्याने दारातल्या गुढीकडे पाहिलेलं नाही. संक्रांतीलाही हेच: तिळगूळ, सुगडं, हलव्याचे दागिने सोडून पडद्यावर नुसते पतंग. येवल्यातल्या संस्थेने पतंग टाकले तर ते शोभतं, कारण तिथली संक्रांत पतंगांचीच असते. पण सोलापूरच्या पतसंस्थेलाही तेच पतंग? चित्र बनवून देणारी एआय साधनं तर इंटरनेटवरच्या याच चित्रांवर शिकलेली आहेत, त्यामुळे तिथून आलेली गुढीही नीट तपासूनच घ्यावी लागते, आणि चित्रातली देवनागरी अक्षरं तर हमखास.

मग बघायचं कुठे? बँकेचा डिझायनर असेल तर शाखेत, पेन्शनच्या आठवड्यात, सकाळी अकरा ते एक. काउंटरच्या आतल्या बाजूला नुसतं उभं राहिलं तरी चालतं. आधी काचेकडे बघावं. तिथे कर्मचाऱ्यांनी हाताने लिहून चिकटवलेले कागद असतात: ‘आधारची झेरॉक्स जोडणे’, ‘चेकच्या मागे मोबाइल नंबर लिहावा’, ‘केवायसी खिडकी क्र. ३’. आपल्या फॉर्मने किंवा पाटीने जे सांगायला हवं होतं ते या कागदांना सांगावं लागतंय. कागद पिवळा पडलाय आणि सेलोटेपवर सेलोटेप चढलाय, तर प्रश्न किती जुना आहे तेही कळतं.

नंतर क्लार्कच्या हातातल्या पेन्सिलीकडे लक्ष द्यावं. फॉर्म पुढे सरकवता सरकवता तो तीन ठिकाणी फुल्या मारतो: इथे, इथे आणि इथे सही. या फुल्या छापूनच का येऊ नयेत? सहीच्या जागांना मागे दहा-पंधरा टक्क्यांचा टिंट, म्हणजे फिकट रंग, द्यावा, समासात एक ठळक खूण द्यावी आणि ‘एकूण सह्या ३’ असं पहिल्याच पानावर वरती लिहावं. पेन्सिल खिशात राहते. काम छोटं आहे, पण ‘हटके काहीतरी’ यापेक्षा मोठं काय असतं?

फॉर्ममधल्या चौकटींचंही तसंच. पाच मिलिमीटरच्या चौकटींची ओळ ही रोमन लिपीची सोय. मराठीत लिहिणारा माणूस तिथे थबकतो: ‘कृष्णाजी’मधला ‘ष्णा’ एका चौकटीत की दोन? वेलांटी चौकटीबाहेर गेली तर चालेल का? ज्या माहितीचा प्रत्येक आकडा संगणकात भरायचा आहे, म्हणजे खाते क्रमांक, पिन कोड, मोबाइल, तिथे चौकटी ठेवाव्यात. मराठीत लिहायच्या नाव-पत्त्याला आठ मिलिमीटर उंचीची साधी रेघ द्यावी. वृद्ध माणसांच्या अक्षराला एवढी उंची लागतेच.

पासबुक तर डिझायनरने छापलेल्या ओळींवर मशिनने आकडे छापण्याचा मामला. प्रिंटर इंचाला ६ ओळी या मापावर लावलेला असेल तर त्याची एक ओळ ४.२३ मिलिमीटरची. आर्टवर्कमध्ये रेघा सुटसुटीत दिसाव्यात म्हणून ४.५ मिलिमीटरवर आखल्या, तर विसाव्या ओळीपर्यंत फरक पाच मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे आकडे एक अख्खी ओळ चुकतात. ग्राहकाला वाटतं बँकेने भलतीच नोंद केली. खुर्चीत बसून हे कधीच कळत नाही, कारण पडद्यावर पासबुक सुंदरच दिसतं.

रुग्णालयात हीच माहिती वॉचमनकडे असते. लोक दिवसभर काय विचारतात आणि कुठे उभं राहून विचारतात, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. पाटी विभागाच्या दारावर लावलेली असते आणि माणूस हरवतो तो दोन कॉरिडॉर मिळतात तिथे. एका दुपारी इमारतीच्या नकाशावर प्रश्नांच्या जागी ठिपके काढत गेलं की पाट्या कुठे हव्यात ते आपोआप दिसतं.

संस्थेच्या पोटातून निघालेली चांगली कामं जगात कमी नाहीत. लंडनच्या भूमिगत रेल्वेच्या सिग्नल खात्यात आरेखक असलेल्या हॅरी बेकने १९३१ मध्ये मार्गांचा नकाशा नव्याने मांडला. खरी अंतरं सोडून दिली आणि सगळे मार्ग आडव्या, उभ्या व ४५ अंशांतल्या रेषांत बसवले. कंपनीने तो आधी नाकारला, १९३३ मध्ये छापून पाहिला, आणि प्रवाशांनी उचलून धरला. आज मेट्रोच्या डब्यात दारावर दिसणारे नकाशे त्याच घराण्यातले. १९३५ मध्ये पेंग्विन प्रकाशनाला बोधचिन्ह हवं होतं, तेव्हा ऑफिसातल्या एडवर्ड यंग या एकवीस वर्षांच्या पोराला प्राणिसंग्रहालयात पाठवलं गेलं. पेंग्विन काढायचा तर पेंग्विन बघून ये, एवढंच. आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली जन्मला तो विमानात द्यायच्या साध्या नोंदवहीसाठी. कल्पना कंपनीतल्या बॉबी कुका यांची, रेखाटन जाहिरात संस्थेतल्या उमेश राव यांचं. बाहेरच्या हाताची मदत घेतली, पण मासा गळाला लागला तो कंपनीच्याच पाण्यात. आणि कमल शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात नोकरीला होते. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेली नावं वर्तमानपत्राच्या चिंचोळ्या जागेत छापली जायची, तरी नाटक विनोदी आहे की गंभीर ते अक्षरांवरून कळायचं. नोकरी आणि जागेची टंचाई ही दोन्ही कारणं त्यांना पुढे करता आली असती.

शेडग्यांचं नाव निघालंच आहे तर अक्षरांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण मराठी डिझायनरचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित साठा तिथे आहे. बहुतेक संस्थांमध्ये एकच जुना फॉन्ट वर्षानुवर्षं चालतो, कारण जुन्या फाइली त्यात आहेत. नवा फॉन्ट आणला तर तो हिंदीसाठी बनलेला निघतो आणि पहिल्याच पत्रकात ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाचा ‘शेतकर्यांना’ होतो. जिल्हा बँकेच्या पत्रकात हा शब्द ओळीआड येणार, आणि प्रूफ वाचणाऱ्याची नजर व्याजदरांवर असते. म्हणून नवीन फॉन्ट घेण्याआधी एक चाचणीची ओळ तयार ठेवावी: ‘शेतकऱ्यांसाठी ॲप, ऑक्टोबर, ट्रॅक्टर, वाङ्मय, श्रद्धा, विठ्ठल, कुऱ्हाड’. ‘ॲ’च्या जागी ठिपक्यांचं वर्तुळ आलं किंवा ‘ठ्ठ’ पाय मोडून उभा राहिला तर तो फॉन्ट कितीही देखणा असो, बाजूला ठेवावा. राज्य शासनाच्या प्रमाण वर्णमालेतला पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ अनेक फॉन्टमध्ये आत असतो, पण मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिल्याशिवाय बाहेर येत नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला भारतीय लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोजर लावलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. दोन ओळींतलं अंतर ‘ऑटो’वर, म्हणजे अक्षराच्या मापाच्या १२० टक्क्यांवर, सोडलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. बहुतेक फॉन्टना १४० ते १५० टक्के लागतात. आणि ओळ भरायची म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवू नये, शिरोरेषा तुटते.

ही तांत्रिक कटकट वाटेल, पण कल्पना इथूनच सुरू होते. पैसे नाहीत ही सबबही आता पुरेशी नाही. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बलू, मोदक असे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. मुक्ता सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात रूपांत, येतो, म्हणजे अख्खा वार्षिक अहवाल एका कुटुंबात बसवता येतो. मोदक इतका जाड की अक्षराच्या आतली पोकळी रेघेएवढी उरते. त्यात ‘दिवाळी’ हा एकच शब्द पानभर लावला तर पणती, रांगोळी, फटाके यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. सणाच्या पोस्टमध्ये चित्र असलंच पाहिजे असा कुठे कायदा आहे?

वारली चित्रांचंही एकदा बोलून टाकू. बिल्डरच्या ब्रोशरपासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत कोपऱ्यात वारली माणसांची साखळी फिरत असते. वारली घरात लग्नासाठी सुवासिनी चौक लिहितात, त्याला विधीचा अर्थ आहे, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी ही कला जगभर नेली. ती किनार म्हणून चिकटवणं म्हणजे मातीतली प्रेरणा नव्हे, फुकटचं क्लिपआर्ट. संस्था डहाणू-जव्हारकडची असेल तर तिथल्या चित्रकाराला मोबदला देऊन काम द्यावं. नसेल तर आपल्या गावात काय आहे ते पाहावं: सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, पैठणीच्या पदरावरचे मोर, नाहीतर नुसत्या बाजारपेठेतल्या जुन्या हाताने रंगवलेल्या पाट्या. कागद घेऊन त्यातलं एकेक अक्षर उतरवून घेण्यात जो तास जातो तो कधीच वाया जात नाही.

डिझायनरला छापखान्यापासून तोडणं हे दुसरं मोठं नुकसान. पूर्वी प्लेट लागली की आर्टिस्ट मशिनवर जायचा. आता पीडीएफ मेलने जाते आणि गठ्ठे परत येतात. मग निळा जांभळा का झाला याचं उत्तर ‘प्रेसवाल्याने घाण केली’ एवढंच उरतं. प्रत्यक्षात सायन (छपाईची आकाशी शाई) १०० टक्के आणि मॅजेंटा (गुलाबी शाई) ९० टक्के दिलेला असतो. दोन्हींत किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवलं असतं तर निळा निळाच राहिला असता. बारीक काळा मजकूर चार रंगांत गेलेला असतो, त्यामुळे रजिस्ट्रेशन, म्हणजे चार रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की अक्षरांना लाल-निळी सावली येते. तो फक्त काळ्यात ठेवायचा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. चारही रंगांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि काळ्यावर पांढरा मजकूर दहा पॉइंटच्या खाली नेऊ नये, नाहीतर पहिल्यांदा अनुस्वार बुजतात. मशिनजवळ दोन तास उभं राहिलेल्या डिझायनरला कागदाचा उरलेला तुकडा दिसतो, आणि त्यातून फुकटात निघणारं बुकमार्क किंवा शिक्षकांसाठीचं वेळापत्रक सुचतं. दोन रंगांत काम केलं तर वाचलेल्या पैशांत चांगला कागद बसतो, हेही तिथेच कळतं.

फ्लेक्सबद्दल फार बोलू नये हे बरं. एवढंच, की दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर हा ढोबळ हिशेब धरला तर शंभर फुटांवरून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी दहा इंचांचं अक्षर लागतं. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर चौदा संचालकांचे फोटो बसवल्यावर ते अक्षर कुठे बसवायचं, याचं उत्तर कुठल्याच कार्यशाळेत मिळत नाही. खाली कोपऱ्यात क्यूआर कोडही हवा असतो. क्यूआरचा नियमही सोपा आहे: जेवढ्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या साधारण दहावा हिस्सा त्याची बाजू, आणि चारही बाजूंना त्यातल्याच चार चौकटींएवढी मोकळी जागा. पत्रकावर तो दोन सेंटिमीटरचा पुरतो. चौकात उंचावर लावलेला कोड कुणासाठी असतो, देव जाणे.

पण पत्रकावरचा क्यूआर एका वेगळ्या कारणाने मोलाचा आहे. एकाच योजनेची दोन पत्रकं दोन मांडण्यांत करून त्यांवर वेगवेगळे कोड टाकले, आणि दोन सारख्या शाखांत वाटले, तर महिनाअखेरीस कुठलं पत्रक जास्त लोकांनी उघडलं ते कळतं. डिझायनरला हा आकडा बहुधा कुणी सांगतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो एकच अभिप्राय: ‘साहेबांना आवडलं’ किंवा ‘लोगो मोठा करा’. लोगोचं हे वाक्य चेष्टेचा विषय झालंय, पण त्यामागे अनेकदा खरी तक्रार असते. वर्तमानपत्राच्या गच्च पानावर साहेबांना आपली जाहिरात सापडलेली नसते. लोगो आहे तेवढाच ठेवून त्याच्याभोवती त्याच्या निम्म्या उंचीएवढी पांढरी जागा सोडावी आणि त्याच पानाच्या जुन्या अंकावर चिकटवून दाखवावी. निम्म्याहून अधिक वेळा वाद तिथेच मिटतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल: हे सगळं करायला वेळ कुठे आहे? वेळ सणांच्या पोस्टमधून काढावा लागेल. १९४७ ते १९४९ या काळात यान चिखोल्ड हा टायपोग्राफर पेंग्विनमध्ये नोकरीला होता. अक्षरजुळणीचे नियम त्याने चार पानांत बसवले आणि शेकडो पुस्तकं त्यावर निघाली. संस्थेच्या डिझायनरने जानेवारीत दोन आठवडे मागून घ्यावेत आणि वर्षभराच्या शुभेच्छांसाठी एकच सांगाडा ठरवावा: एक अक्षरकुटुंब, तीन रंग, लोगोची पक्की जागा, चौरस आणि उभं अशी दोनच मापं, आणि प्रत्येक सणाला एकच वस्तू, स्वतः काढलेली किंवा फोटो घेतलेली. उपडा तांब्या. हलव्याचा एक दाणा. आषाढीला टाळ. मग एक पोस्ट अर्ध्या तासात होते, वर्षाअखेरीस बारा-पंधरा पोस्टची मालिका ओळखीची दिसते आणि फॉर्म-पासबुकासाठी दिवस मोकळे होतात. साचा ठरवला की कल्पकता मरते, असं म्हणणारे भेटतात. रोज संध्याकाळी सात वाजता शून्यातून सुरुवात करणाऱ्याची कल्पकता किती जगते, हेही त्यांनी पाहावं.

उरलेली जबाबदारी संस्थेची आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. महिन्यातला एक दिवस शाखेत किंवा वॉर्डात, मोठ्या छपाईच्या वेळी प्रेसवर जायची परवानगी आणि प्रवासभत्ता, योजना ठरते त्या बैठकीत मागच्या खुर्चीत बसायची मुभा. मॅटर देणारा माणूस एकच असावा आणि मंजुरी देणाराही. पाच जणांनी पाच रंग सुचवायची पद्धत बंद व्हावी. जिथे एकच डिझायनर आहे आणि तोच ओळखपत्रंही छापतो, तिथे एवढंही मिळणार नाही. त्याने निदान शाखेत परत आलेले चुकलेले फॉर्म बघायची परवानगी मागावी. ते तिथेच बसून बघायचे, फोटो काढायचा नाही, कारण त्यात लोकांचे आधार आणि खाते क्रमांक असतात. कोऱ्या फॉर्मची एक प्रत जवळ ठेवायची आणि जिथे खाडाखोड दिसेल तिथे तिच्यावर एक रेघ ओढायची. तीसेक फॉर्म झाले की रेघा कुठल्या रकान्यांत दाटल्यात ते दिसतं, आणि पुढच्या छपाईला काय बदलायचं ते साहेबांपुढे ठेवायला तो एक कागद पुरतो.